दहा खाली, पाच वर

मानवजातीचा सगळा इतिहास म्हणजे खालून वर जाण्याची धडपड आहे. गुहेतून माळ्यावर, माळ्यावरून गच्चीवर आणि गच्चीवरून ताऱ्यांकडे डोळे लावणारा हा प्राणी वर गेल्यावाचून राहणार नाही. हे वाक्य एका लिफ्ट-कंपनीच्या कॅलेंडरवर सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं, आणि ते कॅलेंडर मिस्त्रींच्या घरी संडासाच्या दाराला आतल्या बाजूने टांगलेलं होतं. दिवसातून पाच-सहा वेळा ते त्या वाक्यासमोर बसत. मानवजातीच्या धडपडीचा इतका बैठा अभ्यास दुसऱ्या कोणी केला नसेल.

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खांद्याला हत्यारांची पिशवी आणि पोटात एक स्वतंत्र राज्य, अशी त्यांची बावीस वर्षं गेली होती. ते राज्य कधी उठाव करील याचा नेम नसे. केबिनच्या टपावर उभं राहून, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध, दोन्ही हात ग्रीसने बरबटलेले असताना पोटात आधी मुरडा येई, मग एकदम शांतता पसरे. त्या शांततेला मिस्त्री मुरड्याहून जास्त घाबरत. शहरातल्या इमारती लोक नावाने ओळखतात, मिस्त्री संडासाने ओळखत. कितव्या मजल्यावर आहे, आतली कडी लागते का, किल्ली कोणाकडे असते आणि तो माणूस जेवायला कधी जातो, हे त्यांना तोंडपाठ होतं.

तपासण्या सगळ्या झाल्या. नळी वरून घालून झाली, खालून घालून झाली. दोघींची मधे गाठ पडायची तेवढी राहिली. शेवटी डॉक्टरांनी कागद बाजूला सारले.

"रिपोर्ट उत्तम आहेत," ते म्हणाले. "आतड्याला काही झालेलं नाही. ते नुसतं चिडकं आहे. डोकं आणि आतडं यांचं आपसांत बोलणं बिघडलंय."

"मग त्यांना बोलूच नका म्हणावं," मिस्त्री म्हणाले.

"तसं करता येत नाही. पण समजूत घालता येते." आणि डॉक्टरांनी एका बाईंचा पत्ता लिहून दिला. बाई संमोहनाने पोटं शांत करत. जादू नाही, डॉक्टर म्हणाले, उपचार आहे, पुष्कळांना गुण येतो.

मिस्त्रींच्या बायकोने तो कागद दोनदा वाचला. "बावीस वर्षं मी सांगतेय, शांत व्हा, शांत व्हा. माझं ऐकलं नाही त्या पोटाने. परक्या बाईचं ऐकणार?"

"परक्याचंच ऐकतं," मिस्त्री म्हणाले. "तुझा भाऊ आला की कसं गप्प बसतं."

हे मात्र खरं होतं. बायकोचा थोरला भाऊ, ज्याला सगळं घर दादा म्हणायचं, रविवारी दुपारी येऊन बसला की मिस्त्रींचं पोट संध्याकाळपर्यंत सभ्य माणसासारखं वागे. दादा पत्त्यांत फसवायचा आणि पकडला गेला की हसता हसता त्याला ठसका लागायचा. त्या ठसक्यात काही औषध असावं.

बाईंची खोली एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती. तिथली लिफ्ट मिस्त्रींच्याच हातातली. खोलीत मागे रेलणारी एक खुर्ची, जाड पडदे, आणि भिंतीवर एक घड्याळ, ज्याची टिकटिक पेशंटना टोचते म्हणून बाईंनी सेल काढून ठेवला होता. दाराजवळ खिळ्याला लाकडी ठोकळा बांधलेली किल्ली लटकत होती. ती पॅसेजच्या टोकाच्या संडासाची.

"नमस्कार," बाई म्हणाल्या.

"किल्ली," मिस्त्री म्हणाले.

नमस्कार दहा मिनिटांनी झाला.

बाईंचा आवाज मऊ होता, निवृत्त शाळामास्तरणीचा असतो तसा, ओरडून ओरडून गुळगुळीत झालेला. मिस्त्री खुर्चीत रेलले, डोळे मिटले.

"तुमच्यासमोर एक जिना आहे," बाई म्हणाल्या. "दहा पायऱ्या आहेत. आपण एकेक उतरणार आहोत."

"बाई," मिस्त्री डोळे मिटूनच म्हणाले, "जिना नको."

"का? गुडघे?"

"गुडघे ठीक आहेत. पण लोकांना जिना चढावा लागू नये म्हणून मी बावीस वर्षं राबतोय. आता मीच जिन्याने उतरलो तर काय तोंड दाखवू? लिफ्ट चालेल का?"

बाईंनी आजवर शेकडो पोटं जिन्याने खाली नेली होती, लिफ्ट कोणी मागितली नव्हती. तरी त्या म्हणाल्या, "चालेल. तुमच्या मनासारखी आणा."

मिस्त्रींनी आणली. छोटी, सागवानी, पितळी दांड्याची, मागच्या भिंतीला आरसा. दारावर पाटी लावली: क्षमता दोन माणसं. बटणांची ओळ बसवली आणि सवयीने दार बंद करण्याचं बटण बसवलं, पण त्याला वायर जोडली नाही. ही धंद्यातली गुप्त गोष्ट आहे. निम्म्या लिफ्टमधलं ते बटण कशालाच जोडलेलं नसतं. घाईतल्या माणसाला दाबायला काहीतरी लागतं म्हणून ते असतं.

"दहा," बाई म्हणाल्या. "नऊ. आठ." प्रत्येक आकड्याला एक मजला खट् करून वर गेला. तळाला पोहोचल्यावर बाईंनी त्यांना पोटावर हात ठेवायला सांगितला, हाताची ऊब आत झिरपतेय असं सांगितलं, आतडं म्हणजे संथ वाहणारा ओढा आहे असं सांगितलं. आणि खरोखर, पोटातल्या राज्याने शस्त्रं खाली ठेवली. मग बाई म्हणाल्या, "आता मी एक ते पाच मोजते. पाचला डोळे उघडा. एक. दोन. तीन. चार. पाच."

डोळे उघडले. अंग हलकं झालं होतं. फक्त मिस्त्रींच्या कानाने एक गोष्ट टिपली. उतरताना दहा खटके वाजले होते, चढताना पाच. विचारावंसं वाटलं. पण लिफ्ट नीट चालत असेल तर बारीक खोट दिसली तरी हात लावायचा नाही, हा धंद्याचा पहिला नियम, आणि पोट इतकं नीट चालत होतं की मिस्त्रींनी तोच नियम पोटाला लावला.

आठवड्याला एक बैठक ठरली. दुसऱ्या बैठकीला लिफ्ट पाचव्यावरच उभी होती, जिथे सोडली होती तिथे. बाई आपल्या दहापासून मोजायला लागल्या. त्यांच्या "पाच"ला तळमजल्याचं दार फटीतून वर सरकताना मिस्त्रींनी पाहिलं. बाई मोजतच राहिल्या आणि लिफ्ट जातच राहिली.

तळमजल्याखालीही मजले होते. बरे होते. पॅसेज झाडलेले, दिवे लागलेले, ओल्या सिमेंटचा वास, कुठे चिटपाखरू नाही. आणि ऊब. एवढी ऊब की माणसाला वाटावं, कशाला जायचं वर.

घरी आनंदीआनंद होता. मिस्त्री कोबी खाऊ लागले. दूध प्यायले. सलग नऊ दिवस कॅलेंडरचं तोंड सकाळी एकदाच पाहिलं. तिसऱ्या बैठकीपासून त्यांनी बाईंच्या खिळ्यावरच्या किल्लीकडे बघणंही सोडलं. बायको शेजारणीला सांगत सुटली की आमच्या ह्यांचं पोट आता बँकेसारखं आहे, ठरल्या वेळेला उघडतं, ठरल्या वेळेला बंद.

एका दुपारी मिस्त्री पलंगावर पडले होते आणि वर कोणीतरी चालत होतं. सपाता ओढत, इकडून तिकडे, मधेच थांबून. मिस्त्री बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपलं घर सगळ्यांत वरच्या मजल्यावर आहे. आणि सपातांची ती ओढ आपल्या बायकोची आहे. ती समोर कपड्यांच्या घड्या करत फिरत होती. पाय समोर दिसत होते, आवाज छतावरून येत होता.

मिस्त्रींनी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय सांगणार?

चौथ्या बैठकीनंतर बोलणं उशिरा पोहोचू लागलं. लिफ्टच्या विहिरीत वरून पाना पडला की तो आधी दिसेनासा होतो आणि आवाज मागाहून येतो, तसं. बायकोचे ओठ हलत, मग शब्द खाली येत. मिस्त्री उत्तर देत, ते वर जायला तेवढाच वेळ घेई. बायकोला वाटलं, कान गेले. दाढी करताना आरशातला माणूस गाल फुगवायला जरा वेळ लावू लागला. मिस्त्री थांबले की तो मागून थांबे, आणि थांबण्याआधी एकदा त्यांच्याकडे बघून घेई.

हात मात्र काम करत होते. लिफ्ट दुरुस्त होत होत्या, चहा प्यायला जात होता, "बरं" आणि "हो" म्हटलं जात होतं. हे सगळं करतंय कोण, याचा मिस्त्रींनी धंद्याच्या अंगाने विचार केला, आणि उत्तर सापडलं. केबिन खाली गेली की दुसऱ्या बाजूने लोखंडाचं वजन वर जातं, नाहीतर तोल राहत नाही. आपण जितके खाली आलो तितकं काहीतरी वर गेलं होतं. ते आता घरात त्यांच्या खुर्चीत बसलं होतं. वजनाला बरोबर, बोलायला कमी, आणि पोटदुखी अजिबात नाही.

सहाव्या बैठकीत, बाईंच्या शेवटच्या आकड्याला, त्यांनी बटणांच्या ओळीकडे पाहिलं. सगळ्यांत खालच्या बटणाच्याही खाली एक लाल दिवा लागला होता. तो दिवा त्यांनी बसवलेला नव्हता, पण अर्थ त्यांना कळत होता. खालून कोणीतरी लिफ्ट बोलावत होतं.

बाईंचं "पाच" म्हणून झालं होतं. डोळे उघडले. "कसं वाटतंय?"

"बरं," मिस्त्री म्हणाले. जरा वेळाने.

सहाव्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. मिस्त्री जेवत होते. बायकोने वाढता वाढता विचारलं, "कोबी कसा झालाय?" तेवढ्यात फोन वाजला. ती आत जाऊन बोलली. बाहेर आली ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"दादा गेला," ती म्हणाली. "सकाळी उठलाच नाही."

मिस्त्री तिच्याकडे बघत हसले. म्हणाले, "छान. अजून वाढ."

तिने काहीच केलं नाही. ना रडली, ना ओरडली. नुसती बघत राहिली, घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे बघतात तशी. मग ती मागे सरली.

आणि मग खूप वरून, एकेक मजला आपटत, ते दोन शब्द मिस्त्रींपर्यंत पोहोचले. दादा गेला. मिस्त्री उठले. म्हणजे त्यांना उठायचं होतं. तिच्याजवळ जायचं होतं, खांद्यावर हात ठेवायचा होता. बावीस वर्षांत कधी त्यांना इतक्या घाईने कुठे जायचं नव्हतं, आणि ह्या माणसाने घाईतच आयुष्य काढलं होतं. पण वर खुर्चीत बसलेलं ते वजन शांतपणे कोबी खात राहिलं.

चार दिवस बायको बोलली नाही. पाचव्या दिवशी मिस्त्रींनी एका बिलाच्या मागे लिहून ते तिच्यासमोर ठेवलं, कारण अक्षरं वाटेत उशीर करत नाहीत. 'मी खाली आहे. बाई दर वेळी दहा उतरवतात आणि पाचच चढवतात. सहा बैठका झाल्या. तीस मजले. माणूस जिन्याने गेला असता तर जागा होताना स्वतःच्या पायांनी चढून आला असता. लिफ्ट सोडाल तिथेच राहते. दादाचं मला आता कळलं.'

तिने ते वाचलं. त्यांच्या डोळ्यांत वाकून बघितलं, विहिरीत बघतात तसं. "अहो," ती हळूच म्हणाली, "आत आहात का?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "आहे."

"चपला घाला," ती म्हणाली.

बाईंना आधी पटेना. "ताई, ही सगळी कल्पना असते. पेशंट जागा झाला की संपली. जगभर सगळे दहा उतरवून पाचनेच उठवतात, कोणी अडकून राहिलेलं नाही."

"जगभर सगळ्यांनी लिफ्टवाल्याला लिफ्ट दिली होती का?" बायको म्हणाली. "मोजा तीस. तुमचं काय जातंय?"

मिस्त्रींच्या डोळ्यांच्या पापण्या आल्यापासून एकदाच लवल्या होत्या, ते बाईंनी पाहिलं होतं. त्यांनी पडदे ओढले. बायको बाजूच्या स्टुलावर बसली.

"एक," बाई म्हणाल्या. "दोन. तीन."

मिस्त्री केबिनमध्ये उभे होते. आकडे वरून टपावर टपटप पडत होते आणि लिफ्ट जागची हलत नव्हती. बाईंनी तीस मोजून संपवले. पुन्हा मोजले. लाल दिवा तसाच जळत होता.

"बाई," खुर्चीतून मिस्त्रींचा आवाज आला, ओढून आणल्यासारखा. "वर येणार नाही. खालचा कॉल आहे."

"म्हणजे?"

"खाली निघालेली लिफ्ट खालचे कॉल संपवल्याशिवाय वर वळत नाही. सगळीकडे असंच असतं. मीच बसवलंय."

"खाली कोण आहे?" बाईंनी विचारलं. त्यांचा मऊ आवाज पहिल्यांदाच खरखरला.

"माहीत नाही."

मग बायको म्हणाली, "तर घ्या त्याला आणि या. किती वेळ ताटकळत ठेवायचं माणसाला."

बाईंनी ओठ ओले केले. "एक मजला खाली," त्या म्हणाल्या.

खट्. दार उघडलं.

इथे पॅसेज झाडलेला नव्हता. एकच दिवा होता, त्याखाली वॉचमनचं असतं तसं स्टूल, आणि स्टुलावर एक माणूस. निळा शर्ट, कपाळावर घाम, दोन्ही हात पोटावर. तो वाकून बसला होता. त्याने मान वर केली. बावीस वर्षं प्रत्येक लिफ्टच्या आरशात मिस्त्रींनी हाच चेहरा पाहिला होता, दात आवळलेला, आकडे मोजणारा.

"किती वेळ," तो म्हणाला. "बटण दाबून बोट सुजलं."

इतके आठवडे पोट का दुखत नव्हतं, ते मिस्त्रींना समजलं. दुखत होतं. इथे बसून ह्याला दुखत होतं.

"वर चाललात का?" त्या माणसाने विचारलं. "पत्त्यांचा डाव मांडतात तिथे? दादा येतो रविवारी, तिथे?"

मिस्त्रींचा हात सावकाश बटणांकडे गेला. कोबी, दूध, नऊ दिवसांची शांतता, सगळं त्या एका बोटात गोळा झालं होतं. त्यांनी दार बंद करायचं बटण दाबलं.

दार हललं नाही. पुन्हा दाबलं. स्टुलावरचा माणूस शांतपणे बघत होता. ते बटण कशालाच जोडलेलं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

वरून, एकतीस मजल्यांवरून, कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. रडणाऱ्या माणसाने कोणाला कळू नये म्हणून ओढावं तसं, बारीक.

मिस्त्रींनी हात खाली घेतला. पाटी वाचली. क्षमता दोन माणसं.

"दादा गेला," ते म्हणाले. "या आत."

तो माणूस उठला. उठताना एका हाताने पोट धरलं आणि दुसऱ्या हाताने मिस्त्रींचा दंड. त्याचा हात गरम होता. तो आरशासमोर येऊन उभा राहिला, आणि आरशात दोघांत मिळून एकच जण दिसला. लाल दिवा विझला.

"एक," बाई म्हणाल्या. लिफ्टने हिसका दिला.

बाई मोजत राहिल्या. दहाला सिमेंटचा वास सुटला. पंधराला गार लागायला लागलं. विसाला पोटात कुठेतरी खोल एक बोट वळवळलं. सव्विसाला पलीकडच्या बाजूने अंधारातून एक लोखंडी वजन खाली जाताना मिस्त्रींनी फटीतून पाहिलं. त्याला चेहरा होता आणि तो अजून चावत होता. एकोणतिसाला दादाचा ठसका आठवला आणि छाती भरून आली. तिसाला लिफ्ट थांबली. मजला यायला अजून एक बाकी होता. बाईंच्या ते लक्षात नव्हतं.

"एकतीस," बायको म्हणाली.

मिस्त्रींनी डोळे उघडले. पडदे, स्टूल, बंद घड्याळ. बायको दोन्ही हातांत त्यांचा हात धरून बसली होती.

"आलात?"

"आलो," मिस्त्री म्हणाले, तिचा शब्द संपायच्या आत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तुझा दादा," ते म्हणाले, "आता रविवारी मला फसवणार कोण?" आणि तेव्हा, पाच दिवसांनी, ती मोठ्याने रडली. बाईंनीही पदराने डोळे टिपले.

मिस्त्री तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग हात मधेच थांबला. त्यांच्या कपाळावर घाम आला. चेहऱ्यावर एकदम शांतता पसरली.

"बाई," ते म्हणाले, "ती किल्ली द्या जरा."